अर्धी पट्टी वर

न्यूयॉर्क, १२ जानेवारी १९५३

ज्यूल्स,

पाकीट पोचलं. नेहमीसारखंच आत नुसतं गाणं. चिठ्ठी नाही, 'कशी आहेस' नाही, शिवीसुद्धा नाही. मेक्सिकोत शाई महाग असेल तर सुरांची टिंबं काढायला ती कुठून मिळते तुला? आईला अर्धांगवायू झालेला असताना तिला टाकून मी तुझ्याबरोबर यायला हवं होतं, असं तुला अजून वाटत असेल, तर वाटू दे. तू गप्प बसण्यात पटाईत, मी बडबडण्यात. एका घरात होतो तेव्हाही हेच चाललं होतं.

पाकिटावर तुझं नाव घालत नाही. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या नावानं येईल. त्यांना सांगून ठेव.

आता बातमी. 'मागचं दार' नाटकात बसलं! ओहायोत नदीकाठी खाणावळ चालवणारी बाई, तिला सोडून गेलेला माणूस, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी तिचं हे गाणं. 'पुढचं दार वाजवू नकोस, मागचं उघडं आहे.' निर्माते शीहानसाहेबांनी गाणं ऐकलं. नाक शिंकरलं आणि करार पुढे सरकवला.

सही अर्थात विल्बर नोक्सची. कम्युनिस्ट हुडकणाऱ्या वॉशिंग्टनच्या समितीपुढे ज्याचं नाव 'लाल' म्हणून घेतलं गेलं, त्याचं गाणं या शहरात आज कुणी चिमट्यानंही उचलणार नाही. म्हणून गाणं तुझं, नाव विल्बरचं, आणि मी कार्यक्रमपत्रिकेत माहेरचं नाव लावते, फ्रीडा लेविट. विल्बर मोज्यांच्या आणि दातांच्या पावडरीच्या जाहिरातींना यमकं जुळवतो. पियानो एका बोटानं वाजवतो. माणूस इतका सरळ की खोटं बोलताना त्याचे कान पेटतात. समितीला खरंच काही लाल बघायचं असेल तर त्यांनी विल्बरचे कान बघावेत.

काल शीहानसाहेबांनी तालीम थांबवली. "लेविटबाई, शेवटचं ध्रुवपद पुन्हा येतं ना, तिथे पट्टी चढवा. अर्धी. लोक खुर्चीतून उठले पाहिजेत."

मी म्हटलं, "ती बाई वाट बघत बसलीये, साहेब. वाट बघणारं माणूस वर चढत नाही. दिवसेंदिवस खालीच जातं."

"तिला खाली जाऊ दे. पट्टी वर जाऊ दे. माझी तिकिटं विकली गेली पाहिजेत." मग विल्बरकडे वळून, "काय हो संगीतकार, तुमचं काय म्हणणं?"

विल्बरचे कान पेटले. "लेविटबाई म्हणतील तसं."

"च्यायला, हा पहिला संगीतकार बघतोय जो स्वतःच्या गाण्यासाठी भांडत नाही!"

तूर्त मी जिंकले. पट्टी तेवढी खाली आणलीय. तू पांढरी चारमध्ये लिहिलं होतंस, मी काळी दोनवर उतरवलं, नायिकेला वरचे सूर आता झेपत नाहीत. बाई चांगली आहे, अनुभवी आहे. तिच्याबद्दल पुढे कधीतरी.

चालीखाली वाजणाऱ्या तुझ्या त्या कॉर्डला, त्या स्वरगुच्छाला, मी हात लावलेला नाही. 'उघडं आहे' या शब्दांवर सगळे कान घरी परतायला निघालेले असतात, आणि तू खालची जमीनच काढून घेतोस. चालीचा सूर तोच, खाली भलताच प्रदेश. अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं. रोज वाजवते, रोज फसते. हे असं तुझ्याशिवाय कुणाला सुचत नाही, आणि मला तीच काळजी आहे.

आईचं आहे तसंच.

फ्रीडा


न्यू हेवन, ३ फेब्रुवारी

ज्यूल्स,

वर्तमानपत्रातून कळण्याआधी मीच सांगते. नायिका अडेल प्रॅट आहे.

पत्र फाडून टाकलंस का? नसशील तर वाच. मी नाटक घेतलं तेव्हा तिचं नाव कुठेच नव्हतं. दुसरी एक ठरली होती, तिला बाळ होणार म्हणून ती गेली, आणि एके सकाळी तालमीला दारातून अडेल आत आली, तोच तो उंटाच्या रंगाचा कोट घालून. मला बघून ती जागच्या जागी उभी राहिली. मीही. मग शीहानसाहेब मोठ्यानं म्हणाले, "चला, ओळख करून द्यायला नको ना?" आणि मी पियानोवर तिचा पहिला सूर दिला. देऊन बसले. उठून निघून गेले असते तर गाणंही गेलं असतं आणि तुझं खोलीचं भाडंही. हे कारण मी स्वतःला देते. दुसरं कारण असं की कार्यक्रमपत्रिकेत 'गायनरचना' या शब्दापुढे माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येतंय. ते मला हवं होतं. समितीपुढे तुझं नाव घेणाऱ्या बाईला मी सूर देते आहे, रोज, आणि बरा देते. आता काय म्हणायचं ते म्हण.

परवाची गोष्ट सांगायलाच हवी. तोवर ती बिचकत गात होती, सूर शोधत, खालच्या कॉर्डकडे तिचं लक्ष नव्हतं. परवा पहिल्यांदा मोकळं गायली. 'उघडं आहे'वर आली, माझ्या बोटांखाली ती कॉर्ड वाजली, आणि अडेल थांबली.

"पुन्हा वाजव."

वाजवली.

"ही कुणी घातली?"

"विल्बरनं."

विल्बर तिसऱ्या रांगेत सँडविच खात बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं घाईघाईनं घास गिळला आणि हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"अस्सं," ती म्हणाली. "मोजेवाल्यानं."

डोकं दुखतंय म्हणून कोट चढवून निघून गेली. कॅट्स्किलच्या डोंगरातल्या त्या उन्हाळी नाटकांत तू आणि ती किती वर्षं एका पियानोपाशी बसलात, हे मी विसरले होते. तुझा हात तिला माझ्याइतकाच ओळखीचा. मी पहिल्या दिवसापासून बाहेरच्या जगाला भीत होते. ओळखणारं माणूस स्टेजवरच उभं होतं.

तिनं सांगितलं कुणाला तर? एकदा सांगितलंय तिनं. दुसऱ्यांदा सोपं जात असेल.

जेवण जात नाही. पायाला चाकं लागल्यासारखी मी या हॉटेलच्या मजल्यावरून फिरते आहे. तुझ्याकडून दोन शब्द आले असते तर बरं झालं असतं.

फ्री.


बोस्टन, १९ फेब्रुवारी

ज्यूल्स,

अडेल आली होती. सरळ माझ्या खोलीवर, भर दुपारी, हातात कागदी पिशवीत दोन कॉफ्या घेऊन. बस म्हटलं नाही तरी बसली.

"हे ज्यूल्सचं आहे," ती म्हणाली.

"विल्बरचं आहे."

"फ्रीडा, मला वेडी समजू नकोस. त्या माणसाला पांढऱ्या पट्ट्या आणि काळ्या पट्ट्या यातला फरक रंगावरून कळतो."

मी हसले. मला हसायचं नव्हतं.

"मी ओळखलं तर आणखी कुणीतरी ओळखेल," ती म्हणाली. "ती कॉर्ड काढ. नुसती तीच नाही, सगळ्याच बदल. चाल राहू दे, खालचं सगळं बदल. अगदी साधं कर. रेडिओवर लागतात तसं."

"कुणासाठी काढू? त्याला वाचवायला की तुला?"

तिनं कॉफीच्या झाकणाशी चाळा केला. "दोघांनाही. तुला वेगळं हवं आहे का काही? हॉलिवूडवाले मला पुन्हा घ्यायला तयार झालेत. मी त्याचं गाणं गातेय हे बाहेर आलं तर मी गेले, तो गेला, तूही गेलीस. मोजेवाला तर पहिला." मग झाकण पुन्हा बसवत, "शिवाय, मला ती सहन होत नाही. रोज त्या शब्दावर येते आणि तो मला विचारतो, काय गं अडेल."

"विचारू दे ना!" मी ओरडलेच. "त्यानं नाही तर कुणी विचारायचं?"

ती उठली. दारात म्हणाली, "तू मला माफ करावंस म्हणून आले नव्हते. कॉर्ड काढ एवढंच म्हणायला आले."

मी काढली, ज्यूल्स. थिएटरच्या तळघरातल्या पियानोवर बसून एकेक बदलत गेले. जिथे तू वळसा घेतला होतास तिथे सरळ रस्ता. जिथे तू दुखवलं होतंस तिथे साखर. चाल तशीच राहिली, एक टिंबही हललं नाही, आणि तरी ती बाई बदलली. तुझ्या गाण्यात तिला ठाऊक आहे की तो येणार नाही. माझ्यात तो कोपऱ्यावर उभाच आहे. आणि जमीन काढून घेणारी कॉर्ड गेली, तिथे आता पोकळी पडली, म्हणून शीहानसाहेबांना हवी होती ती उडी घातली. काळी दोनवरून पांढरी तीन. अर्धी पट्टी वर, झांजा, ट्रंपेट, सगळं.

काल इथला प्रयोग झाला, न्यूयॉर्कआधीच्या दौऱ्यातला. ती वर चढली आणि बोस्टनचे लोक, बोस्टनचे, उठून उभे राहिले. वन्समोअर घेतला. शीहानसाहेबांनी विंगेत मला मिठी मारली आणि विल्बरलाही. विल्बर रडत होता. "लेविटबाई," म्हणाला, "आधीचं जास्त चांगलं होतं ना?" गाढवाला काय कळतं म्हणावं, तर कळलेलं.

मला टाळ्या आवडल्या. हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढे नाकबूल करीन.

फ्रीडा


न्यूयॉर्क, २ मार्च

आई गेली. आत्ता नव्हे, जानेवारीच्या अखेरीला, न्यू हेवनला निघायच्या आधी. 'आहे तसंच' लिहिलं त्यानंतर पंधरा दिवसांनी. आपल्या ज्यूंच्या सुतकाची, शिव्हाची, सात दिवसांची बैठक मी पूर्ण केली नाही, तालीम होती.

तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू विचारलं असतंस की आता कशासाठी थांबली आहेस. तू विचारलं नसतंसच म्हणा, तू काही विचारतच नाहीस. पण मला ऐकू आलं असतं.

तिनं शेवटी शेवटी मला ओळखलं नाही. तुला मात्र विचारत होती. "तो पियानोवाला जेवला का?"

फ्री.


न्यूयॉर्क, २७ एप्रिल

ज्यूल्स झाल्किंड,

अखेर शब्द आले! आणि काय शब्द. 'रेडिओवर ऐकलं. सर्कशीतल्या कुत्र्यासारखं शेवटी उडी मारतं. हे तू केलंस?' आईबद्दल एक ओळ. ती ओळ चांगली होती, ती मी कापून ठेवली आहे. बाकी कागद चुलीत.

होय, मी केलं. कुत्रं उडी मारतं म्हणून तुझं भाडं जातं. कुत्रं उडी मारतं म्हणून ते रेडिओवर आहे आणि समितीच्या टेबलावर नाही. तिथे बसून स्वतःच्या कॉर्ड जपणं सोपं आहे, तुझ्या कॉर्डला तिथे कुणी पकडायला येत नाही. आणखीही लिहिलं होतं, ते खोडते. परवा जे झालं ते तुला कळायला हवं, म्हणून हात शांत ठेवून लिहिते.

शीहानसाहेबांनी थिएटरसमोरच्या हॉटेलात जेवण ठेवलं होतं. अडेल, विल्बर, मी, आणि पाहुणा रॉस क्रेन. हा वर्तमानपत्रात रोज स्तंभ लिहितो. कुणाचं करिअर कधी संपलं ते माणसाला आधी त्याच्या स्तंभातून कळतं. सूप येईपर्यंत गोड बोलला; त्याला वास कुठून लागला कोण जाणे. मग कोपऱ्यातल्या पियानोकडे बोट दाखवून म्हणाला, "नोक्ससाहेब, मिस प्रॅटच्या तोंडून तर ऐकलं, तुमच्या हातून ऐकू दे की. सगळं शहर गुणगुणतंय."

विल्बरचा चमचा सुपात पडला.

"त्याचं बोट मोटारीच्या दारात सापडलंय," अडेल म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विल्बरनं हात टेबलाखाली नेला. कान मात्र टेबलाच्या वर राहिले.

क्रेन हसला. "एकच बोट? नऊ राहिली." मग खुर्ची अडेलकडे वळवून, अगदी हळू आवाजात, "मिस प्रॅट, नावं आठवण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. सबंध देश साक्षीला आहे. तुम्हीच सांगा, हे गाणं कुणाचं?"

शीहानसाहेबांना तर काही ठाऊकच नव्हतं, ते एकदा याच्याकडे एकदा तिच्याकडे बघत होते. आणि मी? 'नवरा तर तुझा, मग तू का नाही बोललीस?' असं कुणीतरी म्हणेल. मी लोणच्याची फोड चावत होते. ती गिळता येईना, थुंकता येईना.

अडेलनं हातरुमाल घडी करून ठेवला. उठली. पियानोपाशी गेली नाही, खुर्चीच्या पाठीला धरून तिथेच उभी राहिली आणि गायला लागली. पियानो नाही, व्हायोलिनं नाहीत, काही नाही. आमच्या पट्टीपेक्षाही खालून, बोलल्यासारखं. बशा उचलणारी पोरगी जागेवर थांबली. 'उघडं आहे'पाशी ती आली, आणि खाली कॉर्डच नव्हती. तुझीही नाही, माझीही नाही. उडीही नाही. नुसती चाल आणि एक बाई. ज्यूल्स, तुझी ती कॉर्ड मला न वाजता ऐकू आली, आणि तिच्या तोंडाकडे पाहून कळलं की तिलाही येते आहे.

ती बसली.

"सुंदर," क्रेन म्हणाला. "पण माझ्या प्रश्नाचं उत्तर?"

"दिलं की. विल्बरचं."

"आणि हाच प्रश्न वॉशिंग्टननं विचारला तर?"

"वॉशिंग्टनला माझ्याकडून जे मिळायचं ते मिळालं. आता मला काही आठवत नाही." मग वेटरला, "मासा गरम आहे ना?"

दुसऱ्या दिवशीच्या स्तंभात विल्बरबद्दल अक्षर नव्हतं. तिच्याबद्दल होतं. 'अडेल प्रॅटची स्मरणशक्ती अचानक गेली आहे. इलाज वॉशिंग्टनमध्ये उपलब्ध आहे.' संध्याकाळपर्यंत हॉलिवूडची तार आली. चित्रपट गेला. समितीचं पत्र अजून आलेलं नाही, पण येईल.

मी तिला माफ केलेलं नाही. हे स्वतःला बजावतच तिच्या खोलीत गेले. तिच्या कोटाची गुंडी लोंबत होती. मी सुई मागितली आणि गुंडी लावायला बसले.

"त्याला लिहू का?" तिनं विचारलं.

"नको."

"बरं." मग दोऱ्याचं रीळ पुढे करत म्हणाली, "त्याची कॉर्ड परत घाल. मला गायचीय ती."

"आणि कुणी ओळखली तर?"

"ओळखणारे सगळे एकतर मेक्सिकोत आहेत, नाहीतर बेकार. कोण येणार आहे तिकीट काढून?"

दोघी हसलो. हसताना सुई बोटात गेली.

फ्रीडा


लरेडो, टेक्सास, ९ जून

ज्यूल्स,

हे पत्र माझ्या आधी पोचेल का, ठाऊक नाही. सरहद्दीवरच्या हॉटेलात बसले आहे. उन्हानं पाय सुजलेत.

कॉर्ड परत घातली. पण शीहानसाहेब उडी सोडायला तयार नव्हते. "टाळीला हात लावाल तर तुमचे हात कापीन, लेविटबाई." मग मी पियानोवर बसले, दोन्ही शेजारी ठेवून. तू जिथे जमीन काढून घेतोस, तिथून पांढरी तीन म्हणजे अगदी शेजारचं घर आहे. तुझा तो भलता प्रदेश म्हणजे पांढरी तीनच्या दारातलाच दरवान. एवढे दिवस तुझी ती कॉर्ड वाजवली आणि मला दिसलं नव्हतं. आता असं होतं: ती बाई 'उघडं आहे' म्हणते, पाय निसटतो, आणि निसटता निसटताच ती वर जाते. तो येणार म्हणून नव्हे. येणार नाही हे कळलं म्हणून. झांजा काढून टाकल्या.

पहिल्या प्रयोगाला टाळी आलीच नाही. कुणी हललं नाही. शीहानसाहेबांनी विंगेत माझा दंड इतका आवळला की वळ उठला. मग आली, उशिरा, आणि थांबेचना. वन्समोअर मात्र कुणी मागितला नाही. अडेल म्हणाली, बरं झालं, हे दोनदा गाता येत नाही.

परवा तिला समितीचं पत्र आलं. ती जाणार आहे आणि काही सांगणार नाही म्हणते. तिथे उभं राहिल्यावर काय होतं ते तिलाच ठाऊक. शीहानसाहेबांनी दुसरी नायिका बघायला सुरुवात केलीय. विल्बरनं त्यांना सांगून टाकलं, अडेल गेली तर माझं गाणंही जाईल. 'माझं गाणं' म्हणाला, ज्यूल्स, आणि कान पांढरेच्या पांढरे! करार त्याच्या नावाचा, साहेबांचा नाइलाज. असा कुणासाठी भांडलास का रे तू कधी?

गायनरचनेचं काम मी महिनाभरासाठी माझ्या साहाय्यिकेकडे सोपवलंय. सोडलेलं नाही. शरद ऋतूत नवीन नाटक आहे, तेही मी धरलंय. हे तुला समोर सांगितलं तर तू पियानोचं झाकण आपटशील, म्हणून आधीच लिहिते.

गाण्याचा नवा कागद बरोबर आणते आहे. तुला आवडणार नाही. चाल तुझी आहे, वाट माझी. त्यावर आता कुणाचं नाव घालायचं हा प्रश्न मला पडलेला नाही, पण तुला पडेल.

उद्या सकाळची गाडी आहे. परतीचं तिकीट काढलंय, ते महिनाभर चालतं. एवढ्या वेळात आपलं भांडण निदान सुरू तरी नीट होईल.

फ्रीडा